खासबागेचा हौदा

हौदा हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा पडला तो ट्रकचा. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक गावाबाहेर येऊन उभा राहायचा. हौद्यात आधी पत्र्याच्या पेट्या, पातेली, जळण, शेळ्या जायच्या, मग बायका-पोरं, आणि शेवटी फळीवर बसलेले बाप्ये. धारूर, केज, कळंब, बार्शी, पंढरपूर, मिरज आणि पुढे कोल्हापूर. चारशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट नकाशा न बघता सांगणारी माणसं आमच्या माजलगाव तालुक्यात गावोगाव सापडतील. वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर ऊसतोडीचा कोयता धरला. सिंदफणेवरचं धरण तेव्हा व्हायचं होतं. उचल घेतली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, सुटका नसायची.

दुसरा हौदा कळला तो वडिलांच्याच तोंडून. पंचगंगेच्या अंगाला एका कारखान्याच्या तळावर त्यांची टोळी होती. मळीच्या वासात, पाचटाच्या कोपीत सहा महिने. एका संध्याकाळी कारखान्याचा खाडा झाला, गव्हाण बंद पडली, आणि टोळीतले चार गडी शहरात कुस्त्या बघायला गेले. वडील सहा हंगाम कोल्हापूर भागात राहिले. अंबाबाईचं दर्शन त्यांनी एकदाच घेतलं, रंकाळा पाहिलाच नाही. पण खासबागेचं मैदान पाहिल्याचं ते मरेपर्यंत सांगत होते. कोण कुणाशी लढलं, डाव कोणता पडला, हे त्यांना नंतर धड आठवत नसे. सांगायचे ते एवढंच : "लई लांब बसलो व्हतो. पार मागं. पर समदं दिसत व्हतं."

यात एवढं नवल काय, हे मला कळायला बराच काळ गेला. त्यासाठी आमच्याकडची जत्रा डोळ्यापुढे आणली पाहिजे. पुरुषोत्तमपुरीची अधिक महिन्यातली असो की एखाद्या खेड्यातल्या मारुतीची, कुस्तीचा फड म्हणजे नांगरून, ढेकळं फोडून मऊ केलेला जमिनीचा तुकडा. त्याभोवती पहिली रांग मांडी घालून बसते. ती गावातल्या मानकऱ्यांची. दुसरी उकिडवी, तिसरी उभी, चौथी टाचा उंचावून. त्यामागे बैलगाड्या, गाड्यांवर माणसं, आणि लिंबाच्या फांद्यांवर आम्ही पोरं. हलगी वाजते ती सगळ्यांना ऐकू येते, कुस्ती मात्र पहिल्या दोन रांगांची. बाकीच्यांनी पुढच्याच्या ओरडण्यावरून समजून घ्यायचं की कोण खाली गेला. वडील उंचीने बेताचे आणि बसायचे ते नेहमी शेवटच्या रांगेत. आयुष्यात त्यांना शेवटच्या जागेवरून नीट काही दिसलं असेल, तर ते एकदाच, खासबागेत.

हे दिसणं योगायोगाचं नव्हतं. कुणीतरी ते ठरवून बांधलं होतं.

कोल्हापूरचे शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. स्वतः कुस्तीचे शौकीन, अंगाने धिप्पाड, आणि पहिलवानांवर दरबारचा पैसा खर्च करताना हात न आखडणारे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते इंग्लंडला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं, आणि तसं मैदान आपल्या कुस्तीला हवं ही कल्पना तिथून आली. ही कथा कोल्हापुरात शाळकरी पोरगाही सांगतो. तिला जोडून एक तारीख मात्र फारसं कुणी सांगत नाही. महाराज परदेशी असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीरच्या गॅझेटात तो प्रसिद्ध जाहीरनामा निघाला : संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी. कचेरीत कुणी बसायचं आणि मैदानात कुणी कुठे बसायचं, हे दोन्ही विचार एकाच प्रवासातले. इतिहासाच्या अभ्यासकांना हा संबंध ओढूनताणून आणलेला वाटेल. मला, कोयत्यावाल्याच्या पोराला, तो अगदी सरळ दिसतो.

कारण कलोसियमची नक्कल करायची तर तीही करता आली असती. रोमच्या त्या इमारतीत बसण्याची उतरंड हैसियतीप्रमाणे होती. सिनेटर अगदी पुढे, सामान्य लोक वर, बायका आणि गुलाम पार टोकाला. लढणारा माणूस सगळ्यांच्या खाली, खड्ड्यात. कोल्हापूरच्या कारागिरांनी वाटोळा आकार घेतला, भोवतीची भिंत घेतली, आणि लढणाऱ्याला मात्र वर उचललं. मधोमध उंचवट्यावर लाल मातीचा हौदा, आणि भोवताली प्रेक्षकांसाठी उताराची जमीन. राजघराण्यासाठी वेगळी बैठक होती, नाही असं नाही. पण बाकी सगळे जमिनीवर, मांडीला मांडी लावून. पुढच्याचं डोकं मागच्याच्या आड येत नाही. बांधकाम १९०७ ला सुरू झालं आणि १९१२ ला पुरं झालं. पंचवीस-तीस हजार माणसं बसतात असं सांगतात. जोड मोठी असली की भिंतीवरही माणसं चढतात, मग मोजणार कोण?

पहिली मोठी कुस्ती झाली इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे गामा पहिलवानाचा सख्खा भाऊ, पंजाबकडचा. दोघेही मल्ल उत्तरेचे, दोघेही मुसलमान, आणि मैदान दख्खनच्या मराठा राजाचं. कुस्तीची आपली भाषाच बघा ना. कुस्ती हा शब्द फारसी, पहिलवान फारसी, वस्ताद फारसी, तालीम अरबी. आणि तालमीतला देव मारुती. लंगोट लावल्यावर कुणी कुणाचा शब्दकोश विचारत नाही.

हौद्यातली माती हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि त्यावर बोलायला लागले की कोल्हापूरची माणसं थांबत नाहीत. नुसती लाल माती आणून ओतली की झालं, असं नसतं. ती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, काव घालायची, पाणी मारायचं, आणि रोज फावड्याने उकरून वरखाली करायची. हळद जखमेसाठी, ताक-तेल मऊपणासाठी. अंगावर घामाने माती चिकटली की पकड बसते. वस्तादाच्या हाताखाली नवीन पोरगा आला की पहिले काही दिवस त्याच्या हातात फावडंच असतं. आमच्या भाच्यालाही ते चुकलं नाही. गेली तीन वर्षं तो कोल्हापुरातल्या एका तालमीत आहे. पहिल्या महिन्यात त्याने फोनवर रडत सांगितलं होतं, "मामा, हितं कुस्ती शिकवीत न्हाईत, मातीच उकरून घेत्यात." वडील तेव्हा हयात असते तर म्हणाले असते, आपण तरी आयुष्यभर दुसरं काय केलं.

मैदानाला लागूनच महाराजांनी दुसरं काम काढलं. १९१३ ते १९१५ या काळात तिथे एक बंदिस्त नाट्यगृह उभं राहिलं, त्याचं नाव पॅलेस थिएटर. कुस्तीच्या मैदानाला नाटकाची पाठ लावायची, ही कल्पना आजच्या नगररचनाकाराला सुचणार नाही. सुचली तरी मंजूर होणार नाही. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला मैदानाकडे तोंड करून उघडं व्यासपीठ. म्हणजे इकडे छपराखाली संगीत नाटक आणि तिकडे आभाळाखाली शड्डू. गवयांचा देवल क्लबही याच परिसरात. सकाळी पाचला जोर मारून निघालेला पहिलवान आणि रात्रीचा प्रयोग संपवून निघालेला नट एकाच चहाच्या गाडीवर भेटावेत, अशी ही जागा.

महाराजांचा नाटकावरचा जीव जुना. मिरजेच्या इस्पितळात बालगंधर्वांच्या कानावर उपचार करवून घेतले आणि त्यांना किर्लोस्कर मंडळीकडे धाडलं ते यांनीच. पण खासबागेशी जोडलं गेलं ते दुसरं नाव, केशवराव भोसले. जन्म कोल्हापूरचा, ९ ऑगस्ट १८९० चा. गरिबीतलं मराठ्याचं पोर, लहानपणीच नाटक कंपनीत गेलेलं, 'शारदा'तल्या भूमिकेने गाजलेलं. वयाच्या अठराव्या वर्षी, १९०८ साली, हुबळीत त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं. त्यात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय एकतीस. पुढच्या वर्षी ६ मे १९२२ ला शाहू महाराजही गेले. मैदान दहा वर्षांचं आणि नाट्यगृह सातच वर्षांचं असताना दोन्हींचा धनी गेला. पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव दिलं गेलं आणि कोल्हापूरकरांच्या तोंडी ते नुसतं 'केशवराव' झालं. आज 'केशवराव'ला प्रयोग आहे, असंच म्हणत. माणूस आत राहतो अशा थाटात.

आता थोडं लांब जातो, पण हौद्याशी परत येईन.

गोळेश्वर हे कऱ्हाडजवळचं गाव. तिथला खाशाबा जाधव हा पोरगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला आणि याच मातीत तयार झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली म्हणून तो जाऊ शकला. तिथे त्याने गादीवरची कुस्ती पहिल्यांदा धड पाहिली आणि तरी सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकी. या वेळी पैसे उभे करायला गावोगाव हात पसरावे लागले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबाने कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं, जपानच्या इशीशी प्रदीर्घ झुंज देऊन हरला, आणि त्याला लगेच पुढच्या लढतीसाठी बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. समोर उभा होता सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. खाशाबा हरला. इशीला सोनं, रशीदला रुपं, खाशाबाला कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या रशीदचा विचार मी बरेचदा करतो. तो अझरबैजानचा. त्या मुलखातही झोरखान्याची जुनी रीत आहे : जमिनीत खोलगट गोल हौद, भोवती बघे, ढोलाच्या तालावर मुद्गल फिरवणारे पहिलवान. म्हणजे आपल्याच तालमीचा लांबचा भाऊबंद. फरक पुढचा. सोव्हिएत संघ ऑलिंपिकला पहिल्यांदा उतरला तो हेलसिंकीतच, आणि उतरण्याआधी सरकारने अशा पोरांना गादीवर उभं केलं होतं, प्रशिक्षक दिले होते, जेवण दिलं होतं. चार वर्षांनी, १९५६ ला, मॉस्कोत लुझ्निकीचं प्रचंड संकुल उभं राहिलं. साडेचारशे दिवसांत. मुख्य स्टेडियमला लेनिनचं नाव, आणि शेजारी छपराखालचा क्रीडाप्रासाद. तिथे आज बर्फावरची हॉकी, उद्या गाण्याची मैफल. मैदान आणि रंगमंच एका आवारात. कोल्हापूरकरांना यात नवीन काय दाखवणार? ते त्यांच्याकडे चाळीस वर्षं आधीपासून होतं. १९६१ साली अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले, प्रवासाचं पुस्तक लिहिलं. वाटेगावच्या त्या माणसाने खासबाग आणि मॉस्को शेजारी शेजारी मांडून दाखवलं असतं तर किती बहार आली असती, असं मनात येऊन जातं.

सोव्हिएत राज्यातली दडपशाही मला माहीत आहे आणि तिचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. पण पहिलवानाचा खुराक कुणी द्यायचा, या एका प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं होतं. शाहू महाराजांनीही दिलं होतं. ते उत्तर १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्या दिवशी, संपलं.

राजाश्रय गेल्यावर खासबाग ओस पडली असती, तर ते स्वाभाविक म्हणावं लागलं असतं. पडली नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी चालू राहिल्या. गावोगावच्या जत्रांनी इनामं लावली. एकोणीसशे एकोणसाठला श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर, चौसष्टला मारुती माने. आंदळकर आणि माने हे दोघेही सांगली जिल्ह्यातले, पण घडले कोल्हापूरच्या तालमींत. दिल्लीचा सतपाल आणि आपला युवराज पाटील ही जोड म्हटली की आजही सत्तरीतले म्हातारे खुर्चीतून पुढे सरकतात. वडिलांनी पाहिलेलं मैदान त्याच काळातलं, पण ते याच जोडीचं होतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही.

हा सगळा खर्च कुठून आला? एक थंडाई करायची तर मूठभर बदाम, खसखस, बडीशेप, मिरी. ती रगडायची, गाळायची. वर दूध, तूप, मटण, अंडी. अशी थंडाई दिवसातून दोनदा, वर्षाचे बारा महिने. शेतकऱ्याला एक पोरगा तालमीत ठेवायचा म्हणजे एक म्हैस आणि एका एकराचं पीक त्याच्या नावाने सोडून द्यायचं. या खड्ड्यात राजानंतर हात घातला तो सहकारी साखर कारखान्यांनी. कोल्हापूर भागातल्या काही कारखान्यांनी मल्लांना मानधन सुरू केलं. 'मानधनधारक मल्ल' हा शब्द तिकडे सहज बोलतात. हे मी भाच्याकडून ऐकलं तेव्हा हसू आलं. त्या कारखान्यांचा ऊस तोडला कुणी? बीडच्या कोयत्याने. आमच्या आई-बापांनी पहाटे तीनला उठून, थंडीत, अंगाला पाचट कापत मोळ्या बांधल्या, त्या उसाची साखर झाली, साखरेचे बदाम झाले, आणि बदामाचे हिंदकेसरी. मैदानाच्या देणगीदारांच्या पाटीवर आमच्या तालुक्याचं नाव नाही. तक्रार नाही, पण हिशेब लिहायला बसलो आहे तर ही नोंद राहून जायला नको.

मराठवाड्याची पोरं मैदानात उतरलीही. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार गंगावेस तालमीत आले आणि देशभर नाव केलं. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत ते वस्ताद झाले. तिथे त्यांच्या हाताखाली आमच्या बीड जिल्ह्यातला, पाटोदा तालुक्यातला राहुल आवारे तयार झाला. बिराजदार २०११ ला गेले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलने सत्तावन्न किलो गटात सोनं घेतलं आणि ते वस्तादांच्या नावाने अर्पण केलं. २०१९ ला जागतिक स्पर्धेत एकसष्ट किलोत कांस्य. ती स्पर्धा झाली कझाकस्तानात, तेव्हाच्या नूर-सुलतानला, आणि हे शहर म्हणजे सोव्हिएत काळातलं त्सेलिनोग्राद. हेलसिंकीत खाशाबाला अडवलं सोव्हिएत पहिलवानाने. सदुसष्ट वर्षांनी त्याच जुन्या सोव्हिएत मुलखात, गादीवर, पाटोद्याचं पोरगं पदक घेऊन उभं होतं. त्या दिवशी माजलगावच्या आठवडी बाजारात मी ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून हे सांगितलं. निम्म्यांनी विचारलं, "बक्षीस किती मिळालं?"

प्रश्न चुकीचा नाही.

माती की गादी, हा वाद आता वाद म्हणून उरलेला नाही. महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि दोन्हींतले विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. खासबागेतही आता गाद्या अंथरल्या जातात. जुने वस्ताद कुरकुरतात की गादीवर गुण मोजून कुस्ती ठरते, पाठ लागते का ते कुणी बघत नाही. मातीत निकाल म्हणजे निकाल. त्यांचं खरं आहे. पण ज्या पोराला हरियाणाच्या आणि दागिस्तानच्या पोरांशी लढायचंय, त्याला गुण मोजता आलेच पाहिजेत. भाचा पहाटे मातीत आणि संध्याकाळी गादीवर असा सराव करतो, आणि दोन्हीकडचे वस्ताद त्याला सांगतात की दुसरीकडे फार वेळ घालवू नको.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, केशवराव जळतंय." मला आधी कळेना, कोण जळतंय. मग टीव्ही लावला. खासबागेच्या बाजूचं व्यासपीठ आणि 'केशवराव', दोन्ही पेटले होते. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं गेलं. दगडी भिंती उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. नट, गायक, पडदे ओढणारे, ज्यांची आयुष्यं त्या रंगमंचामागे गेली ते सगळे रस्त्यावर उभे राहून रडत होते. ठिणगी कशाने पडली यावर पुष्कळ बोललं गेलं. सरकारने पुन्हा उभारणीची घोषणा लवकरच केली, आणि मूळ रूपात बांधा, असा आग्रह कलावंतांनी धरला.

त्या हिवाळ्यात मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. सहा हंगाम कोल्हापूर भागात काढलेल्या माणसाचा मुलगा, आणि साठी उलटेपर्यंत खासबाग पाहिली नव्हती. शिक्षकाच्या नोकरीत वेळ मिळाला नाही, हे घरच्यांना सांगायला ठीक आहे.

भाचा मैदानाच्या दाराशी उभा होता. मान बैलासारखी झालेली, डावा कान मोडून गोळा झालेला. पाया पडला तसं म्हटलं, "कान डॉक्टरला दाखवला का?" तो हसला. "मामा, कान मोडल्याबिगर हितं कोण पहिलवान म्हणंना." बोलीत निम्मं माजलगाव, निम्मं कोल्हापूर. 'काय भावा' आणि 'कामून' एकाच वाक्यात.

आत गेलो. कुस्त्या नव्हत्या. दोन म्हातारे वाटोळी फेरी मारत होते, एक पोरगं सायकल शिकत होतं. एका अंगाला काळवंडलेली भिंत, तिच्याकडे बघवेना. हौदा रिकामा होता, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा तो साधा दिसला. टीव्हीवर दिव्यांच्या झगमगाटात वेगळा दिसतो. भाच्याने सवयीने वाकून माती कपाळाला लावली. मी चपला काढल्या आणि उतारावरून मागे मागे जात पार भिंतीशी पोचलो. पाठ टेकून बसलो. वडील नेमके कुठे बसले असतील ते कळायला मार्ग नव्हता, वाटोळ्या मैदानाला कोपरा नसतो.

"दादा, हौद्यात उभा राहा जरा!" मी ओरडलो.

तो उभा राहिला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, खाली वाकला, मांडी ठोकली आणि शड्डूचा आवाज भिंतींवरून फिरून आला. सायकलवालं पोरगं थांबून बघायला लागलं. तेवढ्या लांबून मला त्याचा मोडका कान दिसत होता. निदान दिसतोय असं वाटलं. चष्म्याचा नंबर वाढलेला आहे.

बाहेर खाऊगल्लीत दिवे लागले होते. भेळेच्या गाडीसमोर भाच्याने खोल श्वास घेतला आणि तोंड फिरवलं. परवा वजन होतं, सत्तावन्नच्या गटात, आणि तो चारशे ग्रॅम वर होता. दुपारपासून त्याने पाणीसुद्धा गुळणी करून थुंकलं होतं. मी म्हटलं, मग मीही खात नाही. तो म्हणाला, "असं नका करू. तुम्ही खा, मी वास घेतो." मी एक प्लेट घेतली, तिखट जास्त टाकायला सांगितलं, आणि तो समोर बाकड्यावर बसून मी खातोय ते बघत राहिला. मधेच गाडीवाल्याने त्याचा कान पाहिला, अर्धं लिंबू कापून त्याच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "किती किलो, पहिलवान?"